कायदा पणजोबापर्यंत जातो

नागपूरच्या दुय्यम निबंधक कचेरीसमोर, कडुनिंबाखाली
माझं टेबल. एक पाय आखूड, खाली वीट.
वीस वर्षं लोकांच्या जागा लिहितो.
स्वतः भाड्यानं राहतो, तो भाग सोडून द्या.

इल्दिको आली मेच्या उन्हात, दुपट्टा डोक्याला गुंडाळून.
हंगेरीची. कामठी रोडच्या वसतिगृहात मुलींना शिकवते.
नारी रोडला दोन खोल्या बघितल्या म्हणाली,
तिसरा माळा, लिफ्ट नाही,
पण गच्चीवरून पिंपळ दिसतो.

मी रोजच्यासारखा सुरू झालो:
परदेशी नागरिकाला शेतजमीन नाही, फार्महाऊस नाही,
संत्र्याचा बगीचा तर नाहीच नाही.
काही देशांना रिझर्व्ह बँकेला विचारल्याबिगर इंचभर नाही,
तुमचा देश त्या यादीत नाही, तेवढं बरं.
मूळ भारतीय वंशाच्या असाल तर गोष्ट वेगळी.

"हाव ना," ती म्हणाली, "कायले नसणार?
आम्ही रोमा. हजार वर्षांमागं इथूनच तं निघालो."

मी पेन खाली ठेवलं.
हजार वर्षांचा दाखला कोणत्या तहसिलीत भेटतो?
म्हटलं, बाई, कायदा पणजोबापर्यंत चालत जातो.
तिथं त्याला दम लागतो, पारावर बसतो.
पलीकडे कोण उभं आहे, मान वळवून बघत नाही.

मग तिनं पिशवीतून कागद काढावेत
तसे शब्द काढले एकेक.
नाकाला नाख. कानाला कान.
माणूस, मनुश.
घराला आम्ही खेर म्हणतो.
आणि जमिनीला?
"फुव."

फुव. भुई.
इथंच शिक्का मारायला हवा होता.
पण शब्दावर मुद्रांक शुल्क बसत नाही,
आणि ज्यावर शुल्क नाही ते आमच्याकडे नोंदत नाहीत.

आजीला तिच्या कोणत्याच गावानं
तीन रात्रींच्या वर तंबू ठोकू दिला नाही.
हे तिनं चहा फुंकता फुंकता सांगितलं.

दुसरी वाट होती, रुक्ष.
मागच्या आर्थिक वर्षात
एकशे ब्याऐंशी दिवसांच्या वर इथं राहिला असाल,
नोकरीच्या व्हिसावर, तर तुम्ही इथल्या रहिवासी.
पासपोर्ट उघडला. लग्नपत्रिकेच्या पाठीवर मोजू लागलो.
एप्रिल पूर्ण. मे पूर्ण. नऊ जूनला बाहेर.
परतीचा शिक्का थेट दोन डिसेंबर.
"मधात काय?"
"आई आजारी. मग माती."

एकशे नव्वद.
"बसते," मी म्हटलं.
तिनं पेन मागून घेतलं, वजाबाकी स्वतः केली
आणि पत्रिका उलटी ठेवली, नवरा-नवरीचं नाव वर.
आई अजून आठ दिवस जगली असती तर
ते वाक्य दोघांच्या मधे टेबलावर होतं.
कोणी उचललं नाही.

खरेदीखत मी हातानं लिहितो आधी, मग टाइप.
चतुःसीमा: पूर्वेस जिना.
पश्चिमेस बागडे यांची सदनिका.
दक्षिणेस रस्ता. उत्तरेस मोकळी हवा.
जमिनीतील अविभक्त हिस्सा अडीच टक्के.
"ही फुव?" तिनं बोट ठेवलं.
हो, पण सगळ्यांची मिळून. वेगळी काढून दाखवता येत नाही.
"मग सवयीची आहे," म्हणाली.

शेवटच्या परिच्छेदाशी अडखळली:
आपण व आपले वारस यांनी पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने
निरंतर उपभोग घ्यावा.
"निरंतर म्हणजे कुठवर? पणतूपर्यंत?"

नाही बाई, मी म्हटलं,
मागं जायला चढ आहे. पुढं उतारच उतार.

आतून आवाज आला: टोकन सेहेचाळीस.
तिनं अंगठा आधीच पुसून ठेवला होता.